काठीनं मोजलेले हिवर

माझ्या नावावर वनशास्त्रातला एकच शोधनिबंध आहे. एकच, पण तो खऱ्या शोधपत्रिकेत आला आहे, आणि हे मी अजूनही मान वर करून सांगते. त्याच निबंधात एक वाक्य खोटं आहे. ते वाक्य असं: 'सर्व अंतरे लेखिकेने स्वतः टेपने मोजली.' अंतरं मी मोजली नव्हती. टेपनंही मोजली नव्हती. ती माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं हाकायच्या काठीनं मोजली होती.

मी शिरूरला एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. माहेर वरवंडच्या पलीकडं, माळाच्या कडेला. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. आजोबा वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन फिरायचे. आप्पांनी विहीर पाडली, थोडी ज्वारी, थोडा ऊस असं करत एका जागी बसले, पण पंचवीस-तीस मेंढरं काही सोडली नाहीत. "आता सोडली तर सकाळी उठून करू काय?" असं म्हणायचे. दौंडच्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं, तेव्हा एस.टी.त माझ्या पिशवीला लोकरीचा वास येतो म्हणून मुली सरकून बसायच्या. मी सरकले नाही. पहिल्या नंबरानं पास झाले. हे सगळं यासाठी सांगते की माझा ताठा कुठून आला हे कळावं.

पुढची श्रेणी मिळायची तर शोधनिबंध हवा होता. आमच्या विभागप्रमुखांनी, त्यांना मी सरच म्हणते, मला मार्ग दाखवला. "मॅडम, आठ दिवसांत छापून देतात. माझे बघा, वर्षात सहा." त्यांनी दाखवलेल्या अंकाच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं, 'ग्लोबल' होतं आणि 'अॅडव्हान्स्ड'ही होतं. आत एक लेख टोमॅटोवरचा, पुढचा बँकेच्या कर्जवसुलीवर, त्यापुढचा मधुमेहावर. मी म्हटलं, "सर, हे मासिक आहे की आठवड्याचा बाजार?" सर हसले. म्हणाले, "बाजारच आहे, पण पावती मिळते."

मला पावती नको होती. मग मी शोधायला बसले की जंगलावरच्या खऱ्या शोधपत्रिका जगात आहेत तरी कुठं. आमच्या भूगोल विभागानं रद्दीत काढलेला जगाचा नकाशा मी घरी आणला, भिंतीला चिकटवला आणि लाल पेन्सिलीनं खुणा करायला लागले. जी पत्रिका जिथून निघते तिथं एक ठिपका. दोन महिने हाच उद्योग. कॉलेज सुटलं की ग्रंथालयातला कॉम्प्युटर, घरी आले की नकाशा.

त्या नकाशानं मला जेवढं शिकवलं तेवढं एम.एस्सी.च्या दोन वर्षांनी शिकवलं नाही. ठिपके सगळे वर गोळा झाले. जर्मनी, तिच्या आजूबाजूचे देश, त्याच्या वर बर्फाळ मुलूख, मग अमेरिका, कॅनडा, इकडं जपान, आणि अलीकडं चीनमध्ये एकावर एक. काही पत्रिका इतक्या जुन्या की त्या सुरू झाल्या तेव्हा आमच्याकडं आगगाडी नव्हती. आपल्या देशातही इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं काही आहे, तिथं मी ठिपका जरा मोठा काढला. पण जिथं जंगलं दाट, ती आफ्रिका, ते दक्षिण अमेरिकेचं पोट, तिथं पेन्सिल फारशी टेकलीच नाही. तिथल्या झाडांबद्दल लिहिलेलं पुष्कळ सापडायचं, पण ते छापलं जायचं वर. आणि बहुतेक सगळं इंग्रजीत. काही पत्रिका वाचणाऱ्याकडून पैसे घेतात, काही लिहिणाऱ्याकडून घेतात आणि वाचायला मोकळ्या सोडतात. गरीब देशातल्या लेखकाला काही जण सूट देतात. ती सूट मागायच्या अर्जात 'गरीब देश' या चौकटीत खूण करण्याआधी मी ती चौकट दोनदा वाचली होती.

आणि त्या पत्रिकांत आमचा माळ कुठं होता? शोधत शोधत गेले तर एका मोठ्या निबंधात एका ओळीत सापडला. 'ऱ्हास झालेले काटेरी झुडपी वन. कारण: मेंढ्या व शेळ्यांची अतिचराई.' झालं. आमचे बाभळीच्या कुळातले हिवर, बोरी, तरवड, पवन्या गवत, सगळं त्या एका ओळीत संपलं. वर आरोप आमच्यावर. मला राग आला. मी ठरवलं, लिहीन तर यावरच.

मुद्दा मला आप्पांनीच दिला होता, तोही लहानपणी. ते म्हणायचे, "मेंढरू हिवराच्या शेंगा खातं, आन् बी लेंडीतनं टाकतं. जिथं वाडा बसला तिथं चार सालांनी हिवर बघ." वाडा म्हणजे मेंढरं बसवायला जाळी लावून केलेलं आवार. मेंढरं चार-सहा दिवस एका जागी बसतात, मग वाडा हलतो. माळावर अशा जुन्या वाड्यांच्या जागा आप्पांना तोंडपाठ होत्या. मी त्यातल्या पाच निवडल्या. मधोमध उभं राहायचं, चार दिशांना चालत जायचं, ठरावीक अंतरावर चुना लावलेला दगड ठेवायचा आणि दोन दगडांमध्ये गुडघ्याएवढी हिवराची रोपं किती ते मोजायचं. पाची जागा अशा आखायच्या आणि हंगामभर फिरून फिरून मोजायच्या. काम साधं होतं, पण नियमित व्हायला हवं होतं.

पहिल्या फेरीला मी गेले, नुसती जागा बघायला. दगड काही ठेवले नाहीत. नंतर परीक्षा लागल्या, पेपर तपासायला पुण्याला जावं लागलं. शिरूरहून न्हावरा, चौफुला करत माहेरी पोचायलाच अर्धा दिवस जायचा. आप्पा म्हणाले, "तू कशाला हेलपाटं घालती? मी रोज तिकडंच आसतो की. मी मोजतो."

"आप्पा, नीट मोजायला लागतंय. अंदाजपंचे नाही चालत."

"आंदाज?" आप्पा दुखावले. "तीस मेंढरातलं एक कमी झालं तर मला न बघता कळतंय. तू मला आंदाज शिकवती व्हय?"

मग ते मोजायला लागले. काठीनं. खांद्यावरची काठी जमिनीवर आडवी टाकायची, टोकाला खूण करायची, पुन्हा टाकायची. अशा दोन काठ्या झाल्या की एक दगड. दुपारच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा, मी स्टाफरूममध्ये वहीत लिहून घ्यायचे.

"दोन काठ्यांवर आकरा. चार काठ्यांवर सात. सहावर दोन, पर त्यातलं एक शेळीनं खाल्लंय, धरू का?"

"धरा."

"आन् ऐक, तुझी आई म्हणती, रविवारी यायचंय का?"

"आप्पा, आकडे सांगा."

दिवाळीला गेले तेव्हा काठी मी आईच्या शिवणाच्या टेपनं मोजली. हंगाम संपल्यावर तेवढी लांबी कॉम्प्युटरमध्ये घातली, काठ्यांना तिनं गुणलं आणि सगळ्या अंतरांचे मीटर करून टाकले. दशांशचिन्हाच्या पुढं दोन घरं. दशांशचिन्ह लागलं की आकड्याला कोट घातल्यासारखा दिसतो. आप्पांची काठी कुठं दिसतच नव्हती.

निबंध मी उत्तर युरोपातून निघणाऱ्या एका पत्रिकेला पाठवला. तीन महिन्यांनी दोन परीक्षकांची पत्रं आली. खऱ्या पत्रिकेत असं असतं: तुमचा लेख त्या विषयातली अनोळखी माणसं वाचतात आणि प्रश्न विचारतात. पहिल्यानं माझ्या इंग्रजीतल्या चुका काढल्या. दुसऱ्यानं विचारलं, अंतरं कोणी आणि कशानं मोजली, ते कृपया स्पष्ट करावं.

सरांच्या त्या बाजारानं हे विचारलंच नसतं. खऱ्या पत्रिकेनं विचारलं, आणि मी खोटं बोलले. आधी मी लिहिलं होतं, मेंढपाळाच्या काठीने. ते वाक्य पडद्यावर बघत बसले. भिंतीवर नकाशा होता. त्या लाल ठिपक्यांमधली माणसं हे वाचून हसतील असं वाटलं. एस.टी.त सरकून बसणाऱ्या त्या मुली आठवल्या. मी वाक्य पुसलं आणि टेप लिहिली. मनाशी म्हटलं, काठी टेपनंच मोजली होती ना, मग काय फरक पडतो? स्वतः लिहिलं, कारण आप्पांचं नाव घातलं तर आडनाव एकच, मी माहेरचंच लावते, पुन्हा प्रश्न येणार. शेवटी आभार मानतात त्या जागी प्राचार्यांचे मानले, सरांचे मानले, आणि 'स्थानिक मजुरांचे' मानले.

निबंध छापून आला. कॉलेजात शाल मिळाली, नारळ मिळाला. सरांनी भाषणात सांगितलं की आमच्या विभागाची पताका युरोपात फडकली. छापील प्रत घेऊन मी रविवारी घरी गेले. आप्पांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि कागद हातात घेतले. आप्पांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. मराठी लावून लावून वाचतात, इंग्रजी नाही.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

त्यांनी विचारलं नसतं तर मी काही बोलले नसते. पण त्यांनी अगदी सहज विचारलं, जसं पंगतीत माणूस आपलं पान कुठलं ते विचारतो. मी शेवटचं पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. हे."

ती ओळ संदर्भांची होती. जर्मनीतल्या दोन संशोधकांची नावं होती तिथं.

आप्पांनी कागद उजेडाकडं धरला. मग त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं. आईला हाक मारली, "आगं, बघ, इंग्रजीत मी आसा दिसतो." आई म्हणाली, "मराठीत तरी कुठं बरं दिसता?" सगळे हसले. मीही हसले. आप्पांनी तो कागद रेशनकार्डाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला.

मी हे त्याच दिवशी निस्तरायला हवं होतं. नाही निस्तरलं. वर्ष गेलं.

मग बंगळुरूच्या एका मॅडमचं पत्र आलं. त्या तिकडच्या माळांवर काम करणाऱ्या, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांनी माझा निबंध वाचला होता आणि तसंच मोजमाप त्यांना तिकडं करायचं होतं. जागा बघायला येऊ का, असं विचारलं होतं. माझं काम कोणीतरी वाचलं याचा आनंद मला आधी झाला, भीती नंतर वाटली. मी आप्पांना फोन केला. "त्या दिवशी मेंढरं पलीकडच्या अंगाला न्या. पाहुणीला उगीच त्रास नको."

"मेंढराचा तरास?" आप्पा म्हणाले. "मग ती बगायला काय येती, माळावरची हवा?"

मॅडम सकाळच्या गाडीनं दौंडला उतरल्या. मी रिक्षा करून त्यांना घेऊन आले. आप्पा कुठंही गेले नव्हते. धुतलेलं धोतर, नवा फेटा, अंगणात खाट टाकलेली, वर गोधडी. आईनं चहा ठेवला होता. आमच्या भागात गुऱ्हाळांवर उत्तरेकडचे कामगार असतात, त्यांच्याकडून आप्पांनी हिंदी उचललेली आहे. ती ते न घाबरता बोलतात. मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि मला विचारलं, हिंदीतच, "आपके पेपर में जो स्थानीय मज़दूर हैं, वो यही हैं?"

मी तोंड उघडायच्या आधी आप्पाच बोलले. "मजदूर नहीं, मॅडम. मैं बाप है इसका." आणि हसले. त्यांना वाटलं पाहुणीची गफलत झाली. "हमारा नाम है ना अंदर. रुको, दिखाता." ते घरात गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला. मी खाटेवर बसले होते, तशीच बसून राहिले. आप्पांनी कागद आणला, घडी उलगडली, आणि वर्षभर लक्षात ठेवलेल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "ये देखो. पढ़ो."

मॅडमनी ओळ वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. मी कपबशीकडं पाहिलं. त्यांनी कागदाची होती तशी घडी घातली आणि आप्पांच्या हातात दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाल्या, "संभालके रखिए." एवढंच. मला वाचवलं नाही, आणि उघडंही पाडलं नाही. पण आमच्या अंगणात आलेल्या परक्या बाईला माझ्यामुळं शब्द गिळावे लागले, हे मी विसरलेले नाही.

माळावर गेलो. मॅडमनी पिशवीतून टेप काढली, लांब पट्टीची, गुंडाळायचा दांडा असलेली. चुना लावलेले दगड अजून होते. पहिली जागा बरोबर आली. दुसरी, तिसरीही. माझा जीव भांड्यात पडला. चौथ्या जागेवर पहिलाच दगड जवळ निघाला. पुढचा आणखी जवळ. दर काठीमागं वीतभर कमी पडत होतं आणि लांब गेलं की फरक साचत होता. मॅडमनी निबंध उघडला, टेप पाहिली, पुन्हा निबंध पाहिला. पाचव्या जागेवरही तेच.

"टेप में गड़बड़ थी क्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "असेल." मराठीतच बोलून गेले.

आप्पा टेपेकडं कौतुकानं बघत उभे होते. त्यांनी दगड बघितला, आपली काठी बघितली. "आगं, ह्या दोन जागा नव्या काठीच्या न्हाईत का? जुनी मोडली तवा मी बोराटीची तोडली. ही आखूड हाय जरा." मग मॅडमकडं वळून, "लाठी बदल गया था, मॅडम. पुराना टूट गया, मेंढी कुएँ में गिरा था ना, उसको निकालने में." आणि मला, "तुला फोनवर सांगितलं व्हतं की, बाय. काठी बदलली, ध्यानात ठिव म्हनून."

सांगितलं होतं. स्टाफरूममधली ती दुपार मला जशीच्या तशी आठवली. मेंढी विहिरीत पडल्याचं सांगत होते, काठीचं सांगत होते, आणि माझा पुढचा तास होता. मी म्हटलं होतं, "बरं, बरं, आप्पा, आकडे सांगा." माझ्या वहीत त्या दिवशीचे आकडे आहेत. मेंढी नाही, काठी नाही. दिवाळीला मी जी मोजली ती जुनीच काठी, मोडली नंतर.

"लाठी?" मॅडम म्हणाल्या. त्यांना आता सगळं कळलं होतं. त्या एका दगडावर बसल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या आप्पांना म्हणाल्या, "दीजिए." त्यांनी नवी काठी मोजली, आपल्या वहीत लिहिली. मग विचारलं, जुनीचं काय झालं? आप्पा म्हणाले, आहे की, दोन्ही तुकड्यांच्या वाड्याला मेखा केल्यात. घरी परत आलो तेव्हा मॅडमनी त्या दोन मेखा आप्पांना उपसायला लावल्या, वाड्याजवळ गुडघे टेकून माती झटकली, जोडून धरल्या आणि मोजल्या. आप्पा एक टोक धरून बसले होते, मॅडम दुसरं. मी उभी होते. माझ्या कामाचं मोजमाप चाललं होतं आणि धरायला मला टोक नव्हतं.

दौंडच्या फलाटावर गाडीला वेळ होता. मॅडम म्हणाल्या, "काठीनं मोजलं, काठी एवढी लांब, एवढं लिहिलं असतं तर कोणीही काही म्हटलं नसतं. माणसं पावलांनी मोजतात, दोरीनं मोजतात. फक्त सांगायचं असतं." हे त्या हिंदीत म्हणाल्या, मला मात्र ते आठवतं ते मराठीतच, रोज इतक्या वेळा मनात म्हटल्यामुळं. मग म्हणाल्या, "पत्रिकेला मी लिहिणार नाही. ते तुम्ही लिहायचं." त्या ओळीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी पत्रिकेला लिहिलं. लिहायला तीन दिवस लागले, पण लिहिलं. खरं सांगायचं तर ते सोपं होतं. समोरचा माणूस अनोळखी, हजारो मैल लांब, आणि भाषा इंग्रजी. इंग्रजीत चूक कबूल करताना ती दुसऱ्या कुणाची असावी अशी वाटते. संपादकबाईंचं उत्तर आलं: पुन्हा मोजून पाठवा, शुद्धिपत्र छापू. निबंध मागं घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवू.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "मॅडम, वीतभरासाठी? कोण बघायला आलं होतं?"

"बंगळुरूहून आल्या होत्या ना."

"मग त्या गप्प बसतायत, तर तुम्ही का बोलताय? माझ्या सहा निबंधांबद्दल आजपर्यंत मला कोणी एक प्रश्न विचारलेला नाही." यात आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना मनातल्या मनात हसू शकले नाही.

चार रविवार मी माळावर गेले. टेप मी आणली, दुसरं टोक आप्पांनी धरलं. चौथ्या आणि पाचव्या जागेची सगळी अंतरं नव्यानं घेतली. रोपं जुन्या वाड्यांभोवती होती हे खरंच निघालं, पण ती किती लांब पसरतात याबद्दल मी जे ठासून लिहिलं होतं ते उणं झालं. निबंधातलं ते अर्धं पान गेलं. आप्पा टेप ओढत म्हणायचे, "ह्या पट्टीपेक्षा माझी काठी बरी. हिला मेंढरू भीत न्हाई." मी हसायचे. चारही रविवार त्या पेटीतल्या कागदाबद्दल सांगायचं ठरवून जायचे आणि न सांगता परत यायचे. पत्रिकेला तीन दिवसांत सांगितलं, आणि बापाला चार रविवारांत सांगता येईना.

निबंध मागं घेतला गेला नाही. शुद्धिपत्र छापून आलं. एक परिच्छेद, त्यात दोन काठ्यांची लांबी, नवे आकडे, आणि हे वाक्य: मूळ सर्व मोजमाप लेखिकेच्या वडिलांनी केले. पुढं त्यांचं पूर्ण नाव. लेखक म्हणून नाव घालायला मी विचारलं होतं. छापून झाल्यावर तसं करत नाहीत असं कळलं. त्यासाठीच्या अर्जात आप्पांची संस्था कोणती ते लिहायची चौकट होती, ती मी रिकामी सोडली होती.

तो कागद घेऊन मी घरी गेले. दुपार होती. आप्पा मेंढरांची लोकर कातरून नुकतेच बसले होते, हाताला तेलकट वास. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. मीच कागद पुढं केला. त्यांच्या नावावर अक्षर अक्षर बोट फिरवलं आणि वर पेननं मराठीत लिहून दाखवलं. "आप्पा, हे तुमचं नाव."

"हाय की. ठावं हाय." ते म्हणाले. "मागल्या टायमाला दावलं व्हतं न्हवं?"

"ते तुमचं नव्हतं."

आई चुलीपाशी होती, ती थांबली. आप्पांनी कातर बाजूला ठेवली. "मग तवा बोट कुठं ठिवलं व्हतंस?"

मी पेटीतून जुना कागद काढला. घडीच्या जागी तो मऊ पडला होता, त्या ओळीवर बोटाचा काळसर डाग होता. मी ती ओळ वाचून दाखवली. दोन नावं, इंग्रजीतली, मग त्यांच्या निबंधाचं नाव मराठी करून.

"हे कोण?"

"जर्मनीतली माणसं आहेत. त्यांनी तिकडची झाडं मोजली."

"आन् आमची कुणी मोजली म्हनून लिहिलं व्हतं?"

"मी."

आप्पांनी जुना कागद माझ्या हातातून घेतला. आईच बोलली. "बंगळूरची बाई आली तवा ह्यांनी हाच कागद दाखवला न्हवं? आन् तू बसून व्हतीस?"

"व्हय," मी म्हणाले. किती तरी वर्षांनी माझ्या तोंडून 'व्हय' निघालं.

मग आप्पा म्हणाले, "काठीची लाज वाटली व्हय तुला? बरं. पर मला तरी सांगायचं. मी काय युरोपात जाऊन सांगणार व्हतो?" त्यांनी आवाज चढवला नाही. जुना कागद त्यांनी माझ्याकडं दिला, "हा तुझा." नवा पेटीत ठेवला, पण ठेवण्याआधी शेजारच्या मास्तरांकडं घेऊन गेले. अंगणातून मला दिसत होतं. मास्तर वाचत होते आणि आप्पा त्यांच्या बोटाकडं बघत होते. परत आल्यावर म्हणाले, "बरूबर हाय." मला राग येण्याचा हक्क नव्हता. तरी आला, आणि लगेच त्याचीही लाज वाटली.

आता मी माळावर दुसरं काम करते आहे, आप्पांबरोबरच. वहीत मेंढी, काठी, शेळीनं खाल्लेलं रोप, ते सांगतील ते सगळं लिहिते. बँकेचा असो, शेतीचा असो, कॉलेजचा असो, कुठलाही कागद मी पुढं केला की ते म्हणतात, "आधी वाच." मी वाचते. पूर्वी मी वाचत असले की ते कागदाकडं बघायचे. आता माझ्या तोंडाकडं बघतात.